भिकू तांडेलाची पंधरा दिवस बांधलेली बोट

वयाच्या विसाव्या वर्षी मी साठ वर्षांचा म्हातारा होते. पांढऱ्या मिशा, डोक्याला लाल रुमाल, कमरेला कोयता, आणि प्रत्येक वाक्याआधी एक खाकरा. तो खाकरासुद्धा मी टाइप करत असे. नाव भिकू तांडेल. रोज दुपारी एक ते पाच, रऊफभाईंच्या सायबर कॅफेत खिडकीकडच्या कॉम्प्युटरवर बसून मी त्या म्हाताऱ्याचं आयुष्य जगायचे. रऊफभाई पंधरा वर्षं कुवेतला काढून परत आलेले. त्यांनी राजिवड्याच्या रस्त्याला आठ कॉम्प्युटर मांडले होते. दुपारी ते घरी जेवायला जात आणि जेवण झाल्यावर झोपत. तेवढा वेळ गल्ल्यावर मी. आलेल्यांची नावं वहीत लिहायची, मुलांचे परीक्षेचे फॉर्म भरून द्यायचे, प्रिंट काढायच्या. "बाय, फक्त तो तीन नंबरचा हँग झाला तर लाथ नको मारू, मी आल्यावर मी मारीन," एवढी एकच सूचना असे. त्या बदल्यात खिडकीकडचं मशीन माझं. दुपारी गिऱ्हाईक कमी. पंखा घरघरत असे, लाइट गेली की इन्व्हर्टर पिकपिक करायचा, आणि माझ्यासमोर एक समुद्र उघडलेला असायचा.

घरी खरा समुद्र होताच. आमचं घर मिरकरवाड्याच्या चढावर, जांभ्या दगडाच्या दोन खोल्या आणि पुढे पडवी. आबा दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोट मालकाची, पण दर्यात गेल्यावर शब्द आबांचा. आई कोळंबी सोलायला जायची. तिच्या बोटांची टोकं कायम पांढरी आणि सुरकुतलेली असत, आणि कितीही कोकम चोळलं तरी हाताचा वास जात नसे. सकाळी बंदरावरचं बर्फ फोडायचं यंत्र सुरू झालं की तो खडखडाट आमच्या चुलीपर्यंत येई, आणि आई म्हणे, "उठ, बरफ फुटला." माझी शाळेची घंटा तीच. जेवणात तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं, वर तिरफळाचा तो जिभेला मुंग्या आणणारा वास. पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असल्या की कुळथाची पिठी आणि सुकटाची चटणी. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. आबा चौथी, आई तेवढीही नाही. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आई शेजारणींना सांगताना "आमची बाय पंधरावीला हाय" असं सांगायची, आणि मी कधी ते दुरुस्त केलं नाही. आजही माझ्या पदवीचा कागद पाहिला की मला त्यावर माझ्या नावाआधी तिची ती पांढरी बोटं दिसतात.

खेळाचं नाव लिहीत नाही. तो चालवणारी मंडळी पांगून बरीच वर्षं झाली. समुद्र, बेटं, बंदरं, गलबतं असा तो खेळ होता आणि जगभरातली माणसं एकाच वेळी त्यात असत. आपल्याकडची बरीच माणसं एकाच बंदरावर जमत आणि इंग्रजी अक्षरांत मराठी-हिंदी लिहीत. त्या बंदरावर दोन जाती होत्या. एक जात खेळणाऱ्यांची. त्यांना माल पोचवायचा असे, शर्यत जिंकायची असे, कोणाची तरी गलबतं बुडवायची असत. दुसरी जात आमची, सोंग घेणाऱ्यांची. आमच्याकडे शिमग्यात खेळे येतात तेव्हा संकासुराचं सोंग घेतलेला माणूस ओळखीचा असला तरी त्याला कोणी नावानं हाक मारत नाही, तसंच आमचं. आम्हाला जिंकायचं काहीच नसे. मी भिकू तांडेल म्हणून धक्क्यावर बसायचं, बिडी ओढायची, माणसं बेटांवर पोचवायची, आणि सतत कुरकुर करायची. बस्स. ज्याला हे कळत नाही त्याला ते वेडेपण वाटतं. रऊफभाईंना वाटायचंच. "बेटी, तू एवढा वेळ तिथं बसून करतेस काय?" "बसते, रऊफभाई." "ते तर तू इथंपण करतेस."

पण सोंगालाही रीत होती, आणि ती आम्ही कसोशीनं पाळत असू. सगळ्यात मोठी रीत कंसाची. कुणाला सोंग बाजूला ठेवून खरं काही बोलायचं असेल, म्हणजे लाइट जाणार आहे, आई हाक मारते आहे, मला हा खेळ समजत नाही, तर ते दुहेरी कंसात लिहायचं. आणि कंसात कोणी बोललं की समोरच्यानं, तो राजा असो की दरोडेखोर, सोंग उतरवून कंसातच उत्तर द्यायचं. ही रीत बाहेरच्यांनाही सांगितलेली असे. बंदराच्या पाटीवर लिहिलेलं होतं.

आमच्या मंडळींचे प्रमुख सुभेदार. खेळात ते बंदराचे सुभेदार होते. खऱ्या आयुष्यात पुण्याकडचे एक इंजिनियर, चाळिशीतले. त्यांचं बोलणं इतकं स्वच्छ आणि रुबाबदार की मी त्यांची वाक्यं वहीत उतरवून घेत असे. मंडळींच्या सगळ्या सूचना ते इंग्रजीत लिहीत. माझं इंग्रजी सुधारलं ते निम्मं कॉलेजात आणि निम्मं त्यांच्या सूचना वाचून. मी मुलगी आहे, रत्नागिरीची आहे, हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. सगळे मला "काका" म्हणत. माझ्या दुप्पट वयाची माणसं "काका, आज वारा कसा आहे?" असं विचारत, आणि मी आबांसारखं आभाळाकडे बघून, दोन ओळी थांबून उत्तर देत असे. सुभेदार एकदा म्हणाले होते, "काका, तुमच्यासारखं सोंग या बंदरात कोणाचं नाही. एक क्षण सुटत नाही तुमचं." ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवत होते. आता वाटतं, गडबड तिथूनच सुरू झाली असावी.

दोन जातींची भांडणं तर रोजची. पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल झेंडा असे. तो दाबला की तक्रार नोंदवता येई, आणि खेळातल्याच जुन्या जाणत्या माणसांतून नेमलेले पंच ती तपासत. खेळणारे आमच्याविरुद्ध लिहीत, 'हे लोक वाट अडवून नाटक करतात.' आम्ही त्यांच्याविरुद्ध लिहीत असू, 'हे लोक आमच्या सोंगातल्या लग्नात घोडे घालतात.' हे खरंच होत असे. एकदा भर लग्नात एक जण नवरदेवाच्या डोक्यावर उभा राहून नाचला होता. आता इतकी वर्षं माझ्या टेबलावर लोकांच्या तक्रारी येतात, कचेरीतल्या, खऱ्या. मी त्या वाचते तेव्हा पुष्कळदा तो लाल झेंडा आठवतो. माणूस तक्रार लिहायला बसला की त्याची गोष्ट नेहमी दुसऱ्याच्या चुकीपासून का सुरू होते, हे कोडं मला त्या दिवसांत पहिल्यांदा पडलं.

त्या वर्षी आमच्या मंडळींनी नारळी पौर्णिमा करायचं ठरवलं. खऱ्या सणाला कोणाला सवड नसते म्हणून तीन आठवडे आधीच्या रविवारी, दुपारी चार वाजता. वेळ माझ्यासाठी चारची ठेवली होती, कारण पुढच्या बोटीचा मान भिकू तांडेलाचा. पंचांकडून बंदराचा एक भाग तासाभरासाठी राखून घेतला होता. बोटींना पताका, सोन्याचा नारळ, सगळे मिळून वीस जण. महिनाभर तयारी चालली होती. मी आबांना विचारून विचारून सगळं करत होते. बोट सुटताना कोण काय करतो, नारळ कोणत्या हातानं, कोण बोलतो, कोण बोलत नाही. आबा म्हणाले होते, "निघतावंय तवा कुठं चाललास असा कोन इचारत नाय. इचारलान, तर घटकाभर बसायचा नी मग निघायचा." मी ते वहीत लिहून घेतलं.

साडेतीनच्या सुमारास माझ्या बोटीवर एक जण चढला. नाव वादळ सत्त्याहत्तर. त्याला मी ओळखत होते, सगळेच ओळखत. कोल्हापूरकडचा, भन्नाट वेगानं गलबत हाकणारा, सोंगाशी काही देणंघेणं नसलेला. त्या दिवशी पलीकडच्या बेटावर मोठी शर्यत होती, तिथे आपलं गलबत नेता येत नसे, शर्यतीचं गलबत तिथेच मिळे, आणि तिथे जायला धक्क्यावर माझीच बोट उभी होती. त्यानं विचारलं, "म्हाताऱ्या, कुठं चालली बोट?"

भिकू तांडेलाचा चेहरा पडला. भर पौर्णिमेच्या दिवशी, निघायच्या वेळेला, कुठे चाललास! मी खाकरा टाइप केला, समुद्राकडे थुंकलो असं लिहिलं, दोर परत खुंटाला बांधला आणि बिडी काढून बसले. कॅफेत मी एकटीच हसत होते. इतकं अस्सल काही आमच्या बंदरावर कधी घडलं नव्हतं.

"बांधली कशाला? सोड की. शर्यतीला जायाचंय."

"आज येळ चांगली नाय," भिकू म्हणाला.

मग त्यानं दुहेरी कंसात लिहिलं. सगळी रीत पाळून. "दादा, मी सोंगवाला न्हाई. चेष्टा करत न्हाई. ही बोट बेटावर जाणार का तेवढं सरळ सांगा. न्हाई तर मी पोहत जातो. वीस मिनिटं हायेत माझ्याकडं."

मला फक्त एक ओळ लिहायची होती. कंसात. "ही बोट आज बेटावर जात नाही." मी लिहिली नाही. सोंग सुटलं असतं, आणि माझं सोंग एक क्षण सुटत नाही अशी माझी ख्याती होती. भिकू बिडी ओढत राहिला. वादळनं कंसात अकरा वेळा विचारलं. शेवटी शर्यतीची तोफ वाजली. तो बोटीवरून उतरला, आपलं गलबत घेऊन आला, आणि चार वाजता, आमचा नारळ पाण्यात पडायच्या क्षणी, मिरवणुकीच्या मधून घुसला. दोन बोटी बुडवल्या. सोन्याचा नारळ गेला. वर आमच्या सगळ्यांच्या आयांचा उद्धार केला, तो वेगळाच.

सुभेदारांचा निरोप पाच मिनिटांत आला. सगळ्यांनी लाल झेंडा दाबायचा आणि एकच मजकूर लिहायचा. 'काहीही कारण नसताना या खेळाडूनं आमच्या समारंभावर हल्ला केला.' वीस तक्रारी गेल्या. विसावी माझी. वादळचं खातं त्याच दिवशी गोठवलं गेलं, आणि आठवड्यात ते कायमचं बंद करायचं की नाही याचा निर्णय होणार होता. त्याची तीन वर्षांची मेहनत त्यात होती. रोज संध्याकाळी मिळणारा एक तास घालून त्यानं ते गलबत बांधलं होतं, हे त्यानं पंचांना लिहिलेल्या अर्जात होतं, आणि तो अर्ज पंचांनी मला पाठवला. कारण त्यात त्यानं लिहिलं होतं, 'आधी म्हाताऱ्याच्या बोटीवर काय झालं ते विचारा.' खेळात बोलणं फक्त जवळच्यांना ऐकू जाई. बोटीवर आम्ही दोघंच होतो. त्याचं खातं गोठल्यावर त्याची नोंदही बंद झाली होती, त्यामुळे सगळ्या संभाषणाची नोंद फक्त माझ्या मशीनवर साठलेली होती. पंचांनी ती मागितली.

सुभेदारांना ते कळलं. त्यांनी मला एकटीला निरोप धाडला. "काका, नोंद चार वाजल्यापासूनची द्या. आधीचं कापून टाका. ते आपल्या सोंगातलं आहे, त्यांना त्यातलं काय कळणार? शिवाय कंसाचा नियम आपणच मोडला असं निघालं तर बंदराची राखीव जागा जाईल, आणि तुमची बोटही. एका मवाल्यासाठी वीस जणांचं घर मोडायचं का?" त्यांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. त्यांनी मला माणसांत बसवलं होतं. त्या मंडळींखेरीज मला वारा कसा आहे असं विचारणारं जगात कोणी नव्हतं. मी नोंद उघडून चारच्या आधीच्या ओळी निळ्या करून ठेवल्या. एक बटण दाबलं की गेल्या असत्या. तेवढ्यात रऊफभाई झोपून आले आणि म्हणाले, "उठ, तुझी वेळ झाली." मी तशीच घरी गेले.

पडवीत आबा जाळं पसरून बसले होते. पावसाळ्यात आमची पडवी म्हणजे जाळंच. पाय ठेवायला जागा नसे. मी दुसऱ्या टोकाला बसले आणि सुतळी भरून देता देता सगळं सांगितलं. आबांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण बोट, धक्का, बुडवलेल्या दोन होड्या, हे सगळं कळलं. ते इतकं लक्ष देऊन ऐकत होते की मध्येच म्हणाले, "मानसा वाचली ना?" मी म्हटलं, "आबा, खोटी बोट आहे." "हां हां. सांग फुडं."

सांगून झाल्यावर त्यांनी हातातली गाठ पुरी केली. मग म्हणाले, "त्येनं इचारलान, तवा तू बोललीस का नायस?"

"तुम्हीच सांगितलंत ना, निघताना कुठे चाललास विचारत नाहीत म्हणून."

"आमी आमाला इचारत नाय गो! ज्येला दर्या म्हायत नाय, त्येला काय म्हायत? गेल्या हंगामात त्यो बँकेतला सायेब धक्क्यावर आला, इचारतो, 'काय तांडेल, कुठं चालला?' मी सांगितलाव, 'हय, जवळच.' नी गेलाव. तुज्यासारखी बोट बांधून बसलो असतो तर मालकानं मला हाकलला असता."

आई आतून भाकरी थापता थापता हसली. "बापापरीस लेक मोठी तांडेल झाली."

मला हसू आलं नाही. आबांच्या आयुष्यातली रीत मी वहीत उतरवली होती, पण ती रीत कुठे वाकते ते लिहून घेतलं नव्हतं. खऱ्या तांडेलापेक्षा माझा तांडेल जास्त कडक होता, कारण तो खोटा होता.

मग आबांनी मला बंदरावरच्या बैठकीचं सांगितलं. मी लहानपणापासून ती लांबून पाहिली होती. बर्फाच्या कारखान्याच्या शेडखाली चार-पाच जुने तांडेल उकिडवे बसलेले दिसत. आत काय चालतं हे बायकांना ठाऊक नसे. दर्यात दोन बोटींची जाळी अडकली आणि एकानं दुसऱ्याचं जाळं कापलं, तर दोघे तांडेल तिथे येत. आबा म्हणाले, "थय एकच कायदा हाय. आपला आदी. पयली आपली चूक सांगायची, मग दुसऱ्याची. जो दुसऱ्याच्यापासनं चालू करतो, त्येला सांगतत, बस खाली, तुजी पाळी नाय आली. हुसैनचाचाचा जाळा मी कापलाव त्या साली, तवा मी पयला काय सांगितलाव म्हायताय? माज्या बोटीवरचा दिवा इजलेला होता. कोनाला म्हायत नव्हता. मीच सांगितलाव."

"मग?"

"मग काय. नुकसान भरलाव. पर चाचा म्हनाला, ह्यो दिव्याचा बोलला म्हंजे बाकीचा पन खराच बोलत आसनार." आबांनी दातानं सुतळी तोडली. "तुज्या त्या सुभेदाराला सांग, घर खऱ्यानं मोडत नाय."

दुसऱ्या दिवशी मी कॅफेत लवकर गेले. नोंद पुन्हा उघडली, या वेळी एकही ओळ निळी न करता, आणि ती पहिल्या खाकऱ्यापासून शेवटच्या शिवीपर्यंत जशीच्या तशी जोडली. सोबत पत्र लिहायचं होतं, आणि ते इंग्रजीत. डिक्शनरी मांडीवर घेऊन दोन पानं लिहायला मला दोन दुपारी लागल्या. पहिलं वाक्य होतं, 'मी आधी माझी चूक सांगते.' त्याखाली सगळं. तो कंसात बोलला, मी उत्तर दिलं नाही. एका ओळीचं काम होतं, ते मी माझ्या सोंगाच्या गर्वासाठी केलं नाही. त्याची शर्यत माझ्यामुळे गेली. मी 'काही कारण नसताना' असं तक्रारीत लिहिलं ते खरं नव्हतं. हे सगळं झाल्यावर मग त्याची चूक लिहिली. त्यानं ज्यांच्या बोटी बुडवल्या त्यांनी त्याचं काही केलं नव्हतं, आणि शिव्या तर कोणालाच द्यायच्या नव्हत्या. रऊफभाईंनी पत्र वाचलं. त्यांना वाटलं ही कोर्टाची भानगड आहे. "बेटी, एवढं कबूल करतात का? वकील कर." मग परत एकदा वाचून म्हणाले, "पण इंग्लिश चांगलं आहे." मी पाठवलं. पाठवण्याआधी त्याची एक प्रत सुभेदारांना पाठवली. त्यांच्या पाठीमागे मला ते करायचं नव्हतं.

सुभेदारांचं उत्तर तीन शब्दांचं होतं. "शोभलं नाही, काका." संध्याकाळपर्यंत मंडळींच्या यादीतून माझं नाव गेलं होतं. कोणी भांडलं नाही, एवढंच की धक्क्यावर माझ्या बोटीशेजारून जाताना सगळे गप्प जात. त्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही. हे मी लपवत नाही. बरोबर वागलं की हलकं वाटतं असं पुस्तकात वाचलं होतं. मला तसं काही वाटलं नाही.

आठवड्यानं निर्णय आला. वादळचं खातं परत मिळालं. बोटी बुडवल्याबद्दल आणि शिव्यांबद्दल त्याला सात दिवस बंदी. वीस तक्रारी एकाच मजकुराच्या म्हणून रद्द, आणि मंडळींना वर्षभर राखीव जागा नाही. भिकू तांडेलाची बोट पंधरा दिवस धक्क्याला बांधलेली राहील, तो बोलू शकेल पण हलू शकणार नाही. शेवटी पंचांनी एक गोष्ट लिहिली होती, ती मी त्या दिवशी पाच वेळा वाचली. यापुढे तक्रारीच्या कागदावर पहिला रकाना 'तुम्ही स्वतः काय केलंत' असा असेल, आणि तो भरल्याशिवाय दुसरा रकाना उघडणार नाही. तसं झालंही. तो खेळ चालू होता तोवर, जगाच्या कुठल्या कुठल्या देशांतली माणसं लाल झेंडा दाबल्यावर आधी तो रकाना भरत होती. त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं की तो मिरकरवाड्याच्या बर्फाच्या शेडखालून आलेला आहे. मला मात्र माहीत होतं. आयुष्यात पुढे मला थोडेफार मान मिळाले, पण इतका ताठ अभिमान पुन्हा कधी वाटला नाही.

बांधलेल्या बोटीवर पहिले सात दिवस कोणीच आलं नाही. आठव्या दिवशी वादळ आला.

"म्हाताऱ्या, हैस का?"

"हाय," भिकू म्हणाला. मग मी कंस टाकला आणि लिहिलं की माझं चुकलं.

"वाचलंय सगळं. पंचांनी धाडलंतं." मग त्यानं लिहिलं, "आमच्याकडं असं कोण कबूल करत न्हाई राव. तुमच्या दोन बोटी मी भरून देतो त्या माणसांना."

तो रोज यायला लागला. शर्यतीला जायच्या आधी पाच मिनिटं माझ्या बोटीवर बसायचा. बाराव्या दिवशी त्यानं मला वय विचारलं, आणि मी कंसात खरं सांगितलं, की मी काका नाही, वीस वर्षांची मुलगी आहे आणि रत्नागिरीला असते.

पडद्यावर आलं, "आयला." आणि त्याखाली, "आणि मी तुला चार दिस झालं बिडी मागतोय."

त्याच सुमारास खऱ्या बोटी दर्यात जायच्या तयारीत होत्या. धक्क्यावर बर्फ चढत होता, जाळी चढत होती. आबा डबा विसरून गेले म्हणून आईनं मला बंदरावर पाठवलं. शेडच्या कडेला आबा, हुसैनचाचा आणि आणखी चार-पाच जण माशांच्या पालथ्या क्रेटांवर बसून चहा पीत होते. आबांची पाठ माझ्याकडे होती. मी दोन पावलं मागे थांबले, कारण ते माझ्याबद्दल बोलत होते.

"आमच्या बायची बोट पंधरा दिवस बांधून ठेवलीनी हाय."

"आरं द्येवा," हुसैनचाचा म्हणाले. "हंगामाच्या तोंडाला? काय केलान पोरीनं?"

"खरा बोलली."

त्यांना हे नवीन नव्हतं. त्यातल्या प्रत्येकाची बोट कधी ना कधी बांधलेली होती. एक तरुण खलाशी होता, त्यालाच तेवढी शंका आली. "पर तांडेल, तुमची बोट तर मालकाची. मंग हिची बोट आली कुठनं? हाय कुठं ती?"

आबांनी चहाचा घोट घेतला. कॉम्प्युटर, खेळ, खोटी बोट, हे सगळं त्यांना सांगता आलं असतं. मी इतके दिवस सांगितलंच होतं.

"ता मला म्हायत नाय," आबा म्हणाले. "पर बोट तिची हाय. नी तांडेल ती हाय."

तेवढ्यात हुसैनचाचांनी मला पाहिलं. डाव्या हातानं त्यांनी त्या तरुण खलाशाला जरा पलीकडे ढकललं, आणि क्रेटवर मला बसण्यापुरती जागा झाली.